आलोच आहोत तर : नाशिकमध्ये मित्रांना घेऊन कमी खर्चात विनोदी वेब सिरीज कशी करावी

पैसे कुठे वाचवायचे हे शूटिंगच्या दिवशी ठरवता येत नाही. त्या दिवशी फार तर चहाचा एक राऊंड कमी होतो. खरी बचत कागदावर होते. गोष्ट कुठे घडते, किती माणसं लागतात, दिवस आहे की रात्र, पाऊस लागतो का, गर्दी लागते का, हे सगळं लिहिणाऱ्याच्या हातात असतं. त्याने 'लग्नाचा हॉल, दोनशे पाहुणे' अशी एक ओळ टाकली की सिरीज तिथेच बसली. म्हणून इथे कॅमेऱ्याच्या आधी वही येते आणि बराच वेळ वहीच राहते.

गृहीत असं धरलं आहे : पाच-सहा मित्रमैत्रिणी, सगळ्यांना नोकरी किंवा कॉलेज, एकाकडे बरा फोन, हातात रविवार आणि सगळ्यांची वर्गणी मिळून पंधरा-वीस हजार रुपये. एवढ्यात पाच ते सात मिनिटांचे सहा भाग होतात. पहिल्याच सीझनला बारा भागांची घोषणा करू नका. सहा पूर्ण झालेले कधीही बरे.

गोष्टीच्या आधी यादी

गोष्ट सुचायच्या आधी सगळ्यांनी बसून आपल्याकडे काय आहे याची यादी करायची. कोणाच्या आत्याचा इंदिरानगरचा फ्लॅट रिकामा पडलाय. कोणाचं मेन रोडवरचं दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असतं. कोणाकडे वडिलांची जुनी स्कूटर आहे. कोणाचे आजोबा फोन आला की अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलतात. शेवटची गोष्ट सगळ्यात महाग आहे, कारण ती विकत मिळत नाही. यादीत माणसांच्या सुट्ट्याही लिहा. अंबड-सातपूरला शिफ्टमध्ये काम करणारा, बँकेतला आणि क्लास घेणारी, या तिघांना एकत्र मोकळा असलेला वेळ कोणता हे आधीच कळायला हवं. तो वेळ रविवारी दुपारी दोनपर्यंतच असेल तर तुमची गोष्टही सकाळची असली पाहिजे.

आता या यादीतून गोष्ट काढायची. उदाहरणादाखल एक कल्पना लेखभर सोबत ठेवू.

नाशिककराच्या घरी येणारा पाहुणा नाशिककराला भेटायला क्वचितच येतो. तो त्र्यंबकला, शिर्डीला, वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला नाहीतर वाइनरी बघायला निघालेला असतो आणि 'आलोच आहोत तर' म्हणून आपल्याकडे टेकतो. सिरीजचं नाव तेच. दोन खोल्यांचा फ्लॅट. सचिन, ज्याला नाही म्हणता येत नाही. त्याची बायको मेघा, जी हो म्हणते पण सगळं मोजून ठेवते. आणि सचिनचा धाकटा भाऊ बाळ्या, ज्याला आयुष्यात फक्त स्वतःची कॉट हवी आहे. पाहुणा आला की ती जाते. दर भागात एक नवा पाहुणा.

ही कल्पना स्वस्त का आहे बघा. जागा एकच. कायमचे कलाकार तिघं. पाहुण्याचं काम करणाऱ्याला एकच रविवार द्यायचा आहे, त्यामुळे 'मला वेळ नाही' म्हणणारा चांगला नटही सापडतो. एखादा भाग राहिला तरी बाकीचे अडत नाहीत. आणि विनोदाचं इंजिन आपोआप चालतं : पाहुण्याला किती दिवस राहणार ते सांगता येत नाही, यजमानाला विचारता येत नाही.

कल्पनेत दम आहे का हे तपासायची परीक्षा सोपी आहे. एका संध्याकाळी दहा भागांची एकेक ओळ लिहून काढा. पुण्याचा मामा, ज्याला मिसळीपासून पाण्यापर्यंत सगळं पुण्यात जास्त चांगलं मिळतं. ऑफिसच्या कामाला म्हणून आलेला आणि मैत्रिणीला वाइनरीत घेऊन जाणारा मुंबईचा मावसभाऊ. येवल्याला पैठणी घ्यायला निघालेल्या तीन आत्या, ज्यांचं एकमेकींशी बोलणं बंद आहे. पाहुणाच येत नाही आणि घरात कोणाला करमत नाही, असा एक भाग. शेवटी २०२६-२७चा सिंहस्थ जवळ येतो आणि फोन वाजायचा थांबत नाही. सहाव्या ओळीवर अडखळलात तर ती कल्पना एका रीलची आहे, सिरीजची नाही. तिचं रील करा आणि दुसरी शोधा.

लिहिणं : इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा जुना हिशेब आहे. म्हणजे भागाला पाच-सात पानं आणि दृश्यं तीन, फार तर चार. पात्राला एकच हट्ट द्या. बाळ्याला कॉट हवी, बस्स. तो चतुरही आहे, प्रेमातही पडलाय आणि स्पर्धा परीक्षाही देतोय असं केलंत की प्रेक्षकाला कशावर हसायचं ते कळेनासं होतं.

मामाच्या भागातला हा तुकडा बघा.

मामा : एकच रात्र रे. सकाळी सहाला त्र्यंबक, तिथूनच पुढे.
बाळ्या : (बॅग उचलत) मामा, हिच्यात आहे काय?
मामा : इस्त्री.
बाळ्या : एका रात्रीला?
मामा : कपडे सात आहेत ना.

पुढची ओळ हाताखाली तयार असते : 'म्हणजे तुम्ही सात दिवस राहणार!' ती लिहिली की विनोद मेला. सातावरून प्रेक्षकाने हिशेब केलेला असतो आणि तो त्याचा त्याने केला म्हणून तो हसलेला असतो. आपण उत्तर सांगून त्याच्या हातातलं काढून घेतो. इथे बाळ्या काहीच बोलत नाही. तो कॉटकडे बघतो. मामाही कॉटकडे बघतो. मग मामा जाऊन गादी दाबून बघतो. दृश्य संपलं.

या अर्ध्या पानाला लागलं काय? दोन माणसं, एक बॅग, एक कॉट. बॅगेत मात्र खरंच वजन भरा. रिकामी बॅग जड असल्याचं नाटक करणारा हात कॅमेऱ्याला लगेच कळतो.

भाषेत पात्रापात्रागणिक फरक ठेवा. मामा पूर्ण वाक्यांत बोलेल, क्रियापद शेवटी ठेवून. बाळ्याच्या तोंडी सिडकोच्या कट्ट्यावरचं 'काय भो' चालेल, पण दर वाक्यात नको. तिसऱ्यांदा आलं की ते पात्राचं न राहता लेखकाचं वाटतं. शिव्यांचंही तसंच. एखादी बसते. रांग लावली की आईवडिलांना लिंक पाठवता येत नाही, आणि तुमचे पहिले शंभर प्रेक्षक नातेवाईकच असणार आहेत.

जात, रंग, जाडी, खेड्यातला उच्चार यांवरचे विनोद सोपे म्हणून सुचतात. सोपे म्हणूनच ते सगळ्यांनी आधीच करून झालेत. गल्लीतला खरा माणूस किंवा खरं दुकान ओळखू येईल असं काही लिहू नका. यूट्यूबवर टाकायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही हे खरं, पण बदनामीचा कायदा तिथेही लागू असतो. आणि त्याच्या आधी शेजारी दारात येऊन उभा राहतो.

संहिता झाली की सगळ्यांनी गोल बसून मोठ्याने वाचा आणि वाचन फोनवर रेकॉर्ड करा. त्या बैठकीला ग्रुपबाहेरचा एक तरी माणूस बोलवा. मित्रांना मित्रांचे विनोद नेहमीच आवडतात. 'तो आपला गण्या तसाच बोलतो' म्हणून ते हसतात. बाहेरच्याला गण्या माहीत नसतो. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐका. तो बाहेरचा जिथे गप्प होता तिथे खूण करा. त्या खुणेपाशी नवीन विनोद घालायची घाई करू नका, आधी तिथली दोन वाक्यं काढून बघा. निम्म्या वेळा तेवढ्याने भागतं.

माणसं आणि एक कागद

नाशिकला नाटकवाल्यांची वाण नाही. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी, एकांकिकांच्या तालमी करणारी मुलं-मुली तुम्हाला कालिदास कलामंदिर आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृहाच्या आसपास भेटतील. त्यांना घ्या, पण एक सवय मोडावी लागेल : त्यांचा आवाज शेवटच्या रांगेसाठी तयार झालेला असतो आणि इथे प्रेक्षक हातभर अंतरावर फोन धरून बसलाय. त्यांना सांगा, 'समोरच्यालाच सांग, मागच्याला नको.' उलट, कधीच काम न केलेल्याला संवाद पाठ करायला लावू नका. प्रसंग समजावून सांगा आणि त्याच्या शब्दांत बोलू द्या. त्या आजोबांना कागद दिलात की तुमचे आजोबा गेले आणि बातम्या वाचणारा माणूस आला.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३च्या पहिल्या चित्रपटात स्त्री भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे फाळक्यांनी कारभार नाशिकला हलवला आणि १९१७च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघंही उभे केले. तो त्यांचा नाइलाज होता. आज ग्रुपमध्ये मुलगी नाही म्हणून मित्राला साडी नेसवणं हा आळस आहे. तो विनोद एक भाग टिकतो. मेघाचं काम मेघानेच करावं आणि लेखनाच्या बैठकीलाही एक-दोन मुली असाव्यात, नाहीतर मेघा सहाही भाग नुसती चहा आणत राहील. शूटिंग किती वाजता संपणार, घरी कोण सोडणार, सोबत कोण कोण आहे हे आधी सांगा आणि पाळा. मुली दुसऱ्या रविवारी परत येतात की नाही हे त्यावर ठरतं.

पडद्यामागे चार कामं वाटून द्यायची. दिग्दर्शन एकाकडे, दोघांनी मिळून करू नये, भांडण कॅमेऱ्यासमोर होतं. कॅमेरा एकाकडे. आवाज एकाकडे, आणि त्याने दुसरं काहीही करायचं नाही. चौथा म्हणजे घड्याळ आणि वही सांभाळणारा : कोणता शॉट झाला, कोणाचा शर्ट कोणता होता, जेवण कधी येणार. हा माणूस बहुधा ग्रुपमधला सगळ्यात गप्प मुलगा असतो आणि सगळ्यात उपयोगी.

मग तो कागद. मैत्री आहे म्हणून काही लिहून ठेवायचं नाही, ही नाशिककरच काय, सगळ्याच मराठी माणसांची खोड. एका पानावर पाच गोष्टी लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा : चॅनल कोणाच्या नावावर, कोणी किती पैसे घातले, उद्या पैसे आले तर आधी घातलेले परत करायचे आणि उरलेले कसे वाटायचे, एखादा मध्येच सोडून गेला तर त्याचे झालेले भाग राहतील की नाही, आणि वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा. चॅनलसाठी वेगळं गूगल खातं उघडा. यूट्यूब स्टुडिओत इतरांना व्यवस्थापक किंवा संपादक म्हणून जोडता येतं, त्यामुळे पासवर्ड कोणाला वाटायची गरज नाही. लहान मुलं काम करणार असतील तर पालकांची लेखी संमती घ्या आणि त्यांच्यापैकी एक जण समोर बसलेला असू द्या.

जागा

फ्लॅटमध्ये करताय तर सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन दिवस आधी भेटा. चिठ्ठीत तारीख, वेळ, माणसं किती, गाड्या किती हे लिहा. 'छोटंसं शूटिंग आहे' एवढंच सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर व्हॅनिटी व्हॅन उभी राहते. जिन्यातला एक शॉट त्यांच्या नातवाला द्या, काम झालं.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा ज्या वाराला आणि ज्या वेळी शूटिंग आहे त्याच वाराला, त्याच वेळी जा आणि दहा मिनिटं नुसते बसा. घंटागाडी कधी येते, पाण्याची मोटर कधी सुरू होते, भंगारवाल्याचा भोंगा किती वाजता, समोर बांधकाम आहे का, ऊन कोणत्या खिडकीतून येतं आणि कधी जातं. हे सगळं वहीत लिहा.

बाहेरची दृश्यं शक्य तितकी कमी ठेवा. लागलीच तर थंडीतली सकाळ घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाशिकचा सकाळचा उजेड मऊ असतो आणि नटांना घाम येत नाही. गोदाघाटावर बुधवारी बाजार भरतो, त्या दिवशी जाऊ नका. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते आणि घाट आज एक दिसतात, महिन्याने दुसरे, तेव्हा एका ठिकाणचं दृश्य दोन वेगळ्या रविवारी करायला ठेवू नका.

परवानगीचं थोडं स्पष्टच सांगतो. पांडवलेणी आणि त्र्यंबकेश्वराचं मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. तिथे चित्रीकरणाला त्यांची परवानगी लागते. रेल्वे स्टेशनच्या आवारात रेल्वेची लागते. देवळाली कॅम्पचा लष्करी भाग आणि नाशिकरोडची नोटा छापणारी प्रेस यांच्या भिंतीच्या आसपाससुद्धा कॅमेरा काढू नका, तिथे विनोद समजावून सांगायची संधी मिळत नाही. सार्वजनिक रस्त्यावर लवाजमा लावायचा असेल तर पोलीस आणि महापालिका, दोघांकडे अर्ज करा. ड्रोन हवाच असेल तर आधी 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा कोणत्या रंगात येते ते बघा. एका बाजूला लष्कर आणि दुसऱ्या बाजूला ओझरचा विमानतळ असल्याने इथे 'चालतंय की' म्हणून उडवणं महागात पडतं. खरं विचाराल तर पाहुण्यांच्या विनोदी सिरीजला ड्रोन लागत नाही.

सामान

आधी आवाज. चित्र थोडं धुरकट असलं तरी लोक बघतात. ऐकू आलं नाही की अंगठा पुढे सरकतो. विनोदात तर दुप्पट, कारण शेवटचा शब्द बुडाला म्हणजे विनोदच बुडाला. हजार-दीड हजारात वायरचा कॉलर माइक मिळतो, आणखी थोडे घातले तर बिनवायरचा जोड. तेही नसेल तर प्रत्येक नटाच्या खिशात त्याचाच फोन ठेवा, वायरच्या इअरफोनचा माइक शर्टाच्या आतून छातीपाशी चिकटवा आणि रेकॉर्डिंग चालू करा. फोन एअरप्लेन मोडवर. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संकलनात त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवता येतात.

खोलीतला पंखा आणि फ्रीज बंद करा. फ्रीज बंद केला की स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. म्हणजे घरी निघताना किल्ली शोधाल आणि फ्रीज चालू कराल; नाहीतर आत्याचं श्रीखंड गेलं आणि पुढचा फ्लॅटही गेला. प्रत्येक खोलीत, सगळे जागच्या जागी गप्प उभे असताना, तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. दोन शॉटच्या मधल्या फटी बुजवायला ती लागते.

कॅमेरा म्हणून फोन पुरे, तोही मागचा कॅमेरा. १०८०पी ठेवा, फोर-केने फोन भरतो आणि लॅपटॉप रडतो. ऑटोवर सोडू नका. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो, नाहीतर मामा खिडकीसमोरून गेला की अख्खी खोली काळी पडते. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रात पट्टे फिरताना दिसतात त्याचं कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात हे बदलता येत नसेल तर ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे. तुमच्या फोनवर चालतं का तेवढं बघा.

उजेडासाठी खिडकी आणि थर्माकोलची मोठी शीट. नटाच्या एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला शीट धरलेला मित्र. रात्रीचं दृश्य दिवसा पडदे लावून करा आणि घरातले पांढरे-पिवळे दिवे एकत्र जाळू नका, एकच रंग ठेवा.

खर्चाचा अंदाज : माइक दोन हजार, ट्रायपॉड बाराशे, बल्ब-थर्माकोल-टेप तेराशे, हार्ड डिस्क साडेचार हजार, पेट्रोल आणि किरकोळ सामान दोन हजार. आठ माणसांचं खाणंपिणं, माणशी दीडशे, सहा रविवार : सात हजार दोनशे. झाले १८,२०० रुपये. सगळ्यात मोठा आकडा जेवणाचा आहे आणि तिथे कात्री लावू नका. कोणालाही मानधन देत नाही आहात. निदान जेवण वेळेवर आणि गरम असावं. डिस्कवर पैसे का घालायचे असं वाटेल. शूट झालेलं त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवून मगच फोन रिकामा करायचा, म्हणून.

शूटिंगचा रविवार

सकाळी 'आधी मिसळ खाऊ, मग सुरू करू' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. रविवारी मिसळीला गेलेलं नाशिककर युनिट अकराच्या आत परत येत नाही, आणि आलं तरी त्याला झोप आलेली असते. पार्सल मागवा, तेही शूट संपल्यावर.

सातला जमा, आठला पहिला शॉट. दृश्यं कथेच्या क्रमाने घेऊ नका. एका कोपऱ्यातली सगळी आधी, मग दुसरा कोपरा. ज्याला लवकर जायचंय त्याचे शॉट आधी उरका. प्रत्येक दृश्य पहिल्यांदा लांबून, सगळे दिसतील असं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात घ्या. पुढे वेळ संपला तरी तुमच्याकडे पूर्ण दृश्य असतं. शिवाय बरेचसे विनोद लांबूनच चांगले दिसतात. मामा गादी दाबतो तेव्हा चौकटीत मामा, गादी आणि मागे उभा बाळ्या, तिघंही हवेत.

मग जवळचे शॉट, आणि इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. बोलणाऱ्याचा चेहरा सगळे घेतात. ऐकणाऱ्याचा कोणी घेत नाही. 'कपडे सात आहेत ना' हे वाक्य मामाच्या चेहऱ्यावर फक्त माहिती आहे, हसू येतं ते बाळ्याच्या चेहऱ्यावर. म्हणून संपूर्ण दृश्य पुन्हा बोलून घ्या आणि कॅमेरा नुसता ऐकणाऱ्यावर ठेवा. संवाद संपल्यावर लगेच 'कट' म्हणू नका, मनात पाचपर्यंत मोजा. त्या पाच सेकंदांत नट काहीतरी करतो जे लिहिलेलं नसतं.

दोघांच्या संभाषणात कॅमेरा त्यांच्यामधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर दोघंही एकाच दिशेला बघत बोलताहेत असं दिसतं. खाण्याचं दृश्य शक्यतो टाळा. घ्यायचंच असेल तर वहीवाल्याने प्रत्येक शॉटनंतर ताटाचा फोटो काढावा. एका शॉटमध्ये तर्री काठोकाठ, दुसऱ्यात तळाला, तिसऱ्यात परत काठोकाठ, असं झालं की प्रेक्षक वाटीकडे बघत बसतो. नटांना चमचा हलवायला सांगा, खायला नको. सहाव्या टेकला कोणाच्याच्याने फरसाण गिळवत नाही.

पाच टेकमध्ये जमलं नाही तर सहाव्याचा हट्ट सोडा आणि वाक्य बदला. दोष बहुधा वाक्यात असतो.

संकलन

डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या कामाला भरपूर आहे, फक्त लॅपटॉप बरा हवा. आधी विनोदाचा विचार न करता सगळं ओळीने लावा. ते दहा मिनिटांचं होईल आणि रटाळ वाटेल, घाबरू नका. आता कापायला लागा : दृश्यात माणूस दार उघडून आत येतो, चपला काढतो, बसतो, पाणी पितो. बसल्यापासून सुरू करा. विनोदानंतरचा श्वास मात्र कापू नका. बाळ्याचा चेहरा एक सेकंद दिसला की दीड सेकंद, यावर हसू येतं की नाही ते ठरतं, आणि ते पुन्हापुन्हा बघूनच कळतं.

'टोइंग' आणि 'ढिश्क्यांव' असे आवाज टाकायची सवय लावू नका. विनोद झाला हे सांगायला आवाज लागत असेल तर विनोद झालेला नाही. चित्रपटातलं गाणं दहा सेकंद वापरलं तर चालतं, ही अफवा आहे. सेकंदांची अशी कोणतीही सूट नाही आणि यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे. त्याहून चांगलं म्हणजे ग्रुपमधल्या पेटी किंवा तबला वाजवणाऱ्याकडून वीस सेकंदांचं शीर्षकसंगीत करून घ्या, आणि त्याच्या हक्काची ओळ त्या कागदावर वाढवा.

मराठी उपशीर्षकं स्वतः टाइप करा. आपोआप तयार होणाऱ्या उपशीर्षकांत बाळ्याच्या बोलीचं काय होतं ते एकदा बघाच.

तयार भाग तीन अनोळखी माणसांना दाखवा. 'कसा वाटला' विचारू नका, सगळे 'मस्त' म्हणतात. त्यांच्याकडे बघत बसा : फोन कधी उचलला, कधी हसले. तेवढं लिहून घ्या आणि परत कापा.

लोकांपर्यंत

पहिला भाग टाकायच्या आधी निदान चार तयार असू द्या. एक टाकायचा आणि मग दुसरा शूट करायचा, असं केलं की परीक्षा, लग्नसराई किंवा नाइट शिफ्ट मध्ये येते आणि सिरीज बंद पडते. आठवड्याचा एक वार आणि वेळ ठरवून टाका. सगळे भाग एका प्लेलिस्टमध्ये क्रमाने. थंबनेलसाठी, म्हणजे यादीत भागाच्या नावासोबत दिसणाऱ्या चित्रासाठी, नटाचा मोठा चेहरा आणि तीन-चार शब्द, जे फोनवर बोटभर आकारातही वाचता येतील. त्यासाठी फोटो शूटिंगच्या दिवशीच वेगळा काढून ठेवा. प्रत्येक भागातून तीस-चाळीस सेकंदांचे दोन उभे तुकडे काढा. त्यात विनोद पूर्ण असू द्या. 'पुढे काय झालं बघायला लिंक उघडा' याने लोक चिडतात.

जाहिरातींतून पैसे मिळायला यूट्यूबची अट १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज अशी आहे. पहिल्या सीझनला हे धरून चालू नका. त्याच्या आधी गल्लीतला प्रायोजक मिळण्याची शक्यता जास्त. मिसळीचं हॉटेल, फर्निचरवाला, क्लासेस. बाळ्याची कॉट आहेच, तेव्हा गादीवाल्याकडे आधी जा. जाताना दोन तयार भाग फोनवर घेऊन जा; कल्पना ऐकवायला गेलात तर तो चहा पाजून पाठवेल. काय देणार ते नेमकं सांगा : सुरुवातीला पाच सेकंद नाव आणि एका दृश्यात त्यांची गादी. मालकाला काम देऊ नका, तो मागेल. त्याच्या मुलालाही नाही. संहितेत त्यांचं मत चालणार नाही हे पैसे घ्यायच्या आधी लेखी ठरवा, निम्मी रक्कम आगाऊ घ्या, आणि भाग चढवताना यूट्यूबवरची 'सशुल्क प्रचार' ही खूण करायला विसरू नका. पैसे आले की त्याच रात्री ग्रुपवर आकडा टाका आणि ज्याने हार्ड डिस्क घेतली होती त्याचे साडेचार हजार पहिल्यांदा परत करा.